मला विचारा, मग मी नाही म्हणेन

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'चं ट्रेनिंग झालं. कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये, समोसा-चहासकट, दिवसभराचं. ट्रेनर बाई तयारीच्या होत्या. डोळ्यांत बघून बोला, खांदे पाडून बसू नका, 'तुम्ही असं केलंत' म्हणण्याऐवजी 'मला असं वाटलं' म्हणा, वगैरे सगळं झालं. शेवटी चिठ्ठ्या टाकून रोल प्ले. माझ्या चिठ्ठीत आलं, 'नाराज माणसाची समजूत काढा'. पर्चेसमध्ये, म्हणजे कंपनीच्या खरेदी खात्यात, नोकरी केलेल्या बाईला हे शिकवायची गरज नसते. पेमेंट दोन महिने अडकलेला सप्लायर फोनवर असला की समजूत काढण्याचा क्लास आपोआपच होतो.

जे शिकवायला हवं होतं ते मात्र दिवसभरात कुणी काढलंच नाही. समजा तुमचे सर पन्नाशीचे आहेत, सज्जन आहेत, आणि बायकांशी बोलताना टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघतात. त्यांना 'मला दिवसातून दोनदा दूध काढायला खोली हवी आहे' हे कुठल्या शब्दांत सांगायचं?

मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा माझ्यापुढे पहिला प्रश्न हाच होता. प्लांट चाकणला, घर भोसरीला. नकाशावर अंतर फार नाही, पण तळेगाव चौकातली ट्रेलरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना नकाशाचं कौतुक सांगू नये. कंपनीची बस सकाळी निघते ती संध्याकाळी परत सोडेपर्यंत दहा-अकरा तास होतात. तेवढा वेळ अंगावर पिणाऱ्या मुलीपासून लांब राहायचं तर दूध काढावंच लागतं. नाही काढलं तर छाती दगडासारखी होते, ताप भरतो आणि हळूहळू दूधही आटतं. लेडीज वॉशरूममध्ये काढता येईल असं एका बाईनं सुचवलं. मुलीचं जेवण मी संडासात का तयार करू, हे मी तिला विचारलं नाही, पण मनात आलंच.

मग मेल लिहिली. चार ओळींची, ती मला अजून पाठ आहे. 'सर, मुलीला अजून अंगावर पाजते आहे. रोज ११ वाजता आणि ३ वाजता, वीस-वीस मिनिटं, आतून कडी लावता येईल अशी खोली लागेल. ओएचसीतली आतली खोली त्या वेळी रिकामी असते, सिस्टरशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. साधारण ऑगस्टपर्यंत हे चालेल, तेवढ्या वेळात माझे फोन स्टोअर्समध्ये घेतले जातील.' ओएचसी म्हणजे कंपनीचा दवाखाना. तिथं एक कॉट असते, एक पडदा, बीपीचं मशीन आणि बोट कापून आलेल्यांसाठी टिंक्चरचा वास. दहा मिनिटांत उत्तर आलं, 'ओके, गो अहेड'. सरांना माझ्याकडे बघावं लागलं नाही, कॅलेंडरकडेही नाही. मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं असणार, कारण त्यांच्यापुढे ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या मेलमध्ये किती वेळ, कुठे, कधीपर्यंत आणि मधल्या वेळात कामाचं काय, एवढंच आहे. 'सॉरी' नाही, 'तुम्हाला त्रास देते आहे' नाही. कायद्याचं कलमही नाही, आणि हे मी मुद्दाम केलं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी कामातून वेळ मिळणं हा हक्क आहे, आणि तो १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. माझं मत असं, की कायदा खिशात ठेवावा आणि पहिल्या मेलमध्ये काढू नये. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही तर दुसरीत जरूर काढावा, तारखेसकट.

दूध बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. चाकणच्या मे महिन्यात मी 'बाहेर' हा प्रकार धरलाच नाही, आइस पॅकची पिशवी नेत होते. एकदा गेटवरच्या सिक्युरिटीनं पिशवी उघडायला लावली. डबा आहे म्हणून सांगितलं. एका अर्थी खरंच होतं ते.

पण मी मधूनच सुरुवात केली. खरं बोलणं त्याच्या बरंच आधी सुरू होतं, पोटात मूल आहे हे कळतं तेव्हा. घरचा नियम असा, की तीन महिने पुरे होईपर्यंत चार लोकांत बोलायचं नाही. हा नियम करणाऱ्या बायकांना कोल्हापूरला फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, जावं लागत नव्हतं. माझी कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून येतात. भट्टीजवळ उभं राहून पॅटर्न बघायचा, सँडचा धूर नाकात, आणि जाता-येता मिळून आठ-नऊ तासांचा हायवे. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होत असतात आणि नेमकं तेव्हाच कुणाला सांगायचं नसतं. मी घरी कुणाशी वाद घातला नाही, पण सरांना सातव्या आठवड्यातच सांगितलं. 'अजून ऑफिसमध्ये कुणाला माहीत नाही, तुमच्यापाशीच ठेवा. पुढचे दोन महिने फौंड्रीच्या व्हिजिट मी करणार नाही, त्याऐवजी रेट कॉन्ट्रॅक्टचं काम घेते.' असं सांगितलं की माणूस बातमीपेक्षा कामाकडे बघतो. आणि तुम्ही नाही सांगितलंत तर डब्याच्या टेबलावर बातमी फुटतेच. लोणच्याची फोड दोनदा मागून घेतली की आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना पुरतं.

हँडओव्हर हा तर सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. रजेवर जाण्याआधी बायका दोन टोकं गाठतात. काही जणी शेवटच्या दिवशी तोंडी सांगून निघतात. काही जणी एवढी मोठी एक्सेल शीट करतात की ती कुणी उघडत नाही. मी दोन पानं लिहिली. त्यात कुठल्या पीओचा (खरेदीच्या ऑर्डरचा) माल अर्धा आला आहे हे सिस्टिममध्ये दिसतं म्हणून लिहिलं नाही. सिस्टिममध्ये न दिसणारं लिहिलं. भोसरीचे अमुक शेठ चारच्या आधी फोन उचलत नाहीत. तमुक फौंड्री 'गुरुवारी देतो' म्हणाली की शनिवार धरायचा. या एका सप्लायरला मेल करू नका, त्याच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करा. पुढे मी परत आल्यावर कळलं की ती दोन पानं माझ्या जागेवर बसलेल्या मुलानं ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवली होती.

आणि एक वाक्य त्यात नव्हतं. 'रजेतही मी फोनवर अव्हेलेबल असेन.' हे वाक्य प्रत्येक मुलगी लिहिते. चांगुलपणानं लिहिते, थोडी भीतीनंही लिहिते. मला ते पटत नाही. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे मालकानं जाणूनबुजून काम द्यायचं नाही आणि बाईनं करायचंही नाही, असं कायद्यातच आहे. आपला सव्वा महिना आणि हे सहा आठवडे, दोन-चार दिवस इकडेतिकडे, एकच. जे आजीला कळत होतं ते कायद्यालाही कळलं आहे, तर आपणच 'अव्हेलेबल' कशाला?

हे सगळं आत्ता-आत्ताचं आहे असं आपल्याला वाटतं, मलाही वाटायचं. मग मुंबईच्या गिरण्यांबद्दल वाचनात आलं. शंभर वर्षांपूर्वी गिरणीतल्या बायका वायंडिंग आणि रीलिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात असत. दिवस भरेपर्यंत उभ्यानं काम, आणि बाळंत झाल्यावर शक्य तितक्या लवकर परत, कारण खाडा म्हणजे पगार नाही. घरी राहिलेल्या तान्ह्याला अफू घातलेली बाळागोळी देऊन झोपवायचं. आया निष्ठुर नव्हत्या, दुसरा उपायच नव्हता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या बायकांना बाळंतपणाचा लाभ देण्याचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलायला हवा, हा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा मला जास्त आवडतो. मालक बायकांना कामावर घेतो ते पुरुषांपेक्षा त्यांच्याकडून त्याला जास्त फायदा होतो म्हणून, तेव्हा खर्चाचा वाटा त्यानंही उचलावा. म्हणजे उपकाराची भाषाच नाही, सरळ हिशेब. १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. पुढे १९६१ चा देशभराचा कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. हे सगळं आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलं आहे.

त्याच २०१७ च्या दुरुस्तीत एक छोटी गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. नोकरीवर घेतानाच प्रत्येक बाईला या लाभांची लेखी माहिती मालकानं द्यायची. माझ्या जॉइनिंगच्या गठ्ठ्यात असा कागद असेल तर तो पीएफ नॉमिनेशन आणि मेडिकल फॉर्मच्या मध्ये कुठेतरी असणार. पाळणाघराचंही तसंच. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. कागदावर फार छान. पण मुलीला सकाळच्या काळोखात उठवून, कंपनीच्या बसमधून, ट्रेलरच्या धुरातून चाकणला न्यायची कोण? आम्हा बायकांना पाळणाघर हवं होतं ते घराजवळ. हे आम्हाला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

विचारण्याबद्दलच बोलायचं आहे मला.

परत आल्यावर पहिले काही महिने सगळे माझ्याशी इतके चांगले वागले की मला संशय यायला हवा होता. लवकर निघू दे हिला. मंथ एंडला हिला थांबवू नका. मीटिंग पाचची असेल तर 'तू नसलीस तरी चालेल'. एक दिवस कळलं की कोइमतूरच्या नव्या सप्लायरचं ऑडिट ठरलं आहे आणि माझ्याऐवजी माझ्या खालचा मुलगा चालला आहे. पंपाच्या ज्या पार्टसाठी ते ऑडिट होतं, तो सप्लायर मीच शोधला होता, रजेवर जायच्या आधी. सरांना विचारलं तर ते अगदी मनापासून म्हणाले, "अगं, दोन रात्रींचा मुक्काम आहे. लहान मूल आहे तुझं. तुला कशाला त्रास?"

यात दुष्टावा शोधून सापडत नाही, हीच अडचण आहे. दुष्टाव्याशी भांडता येतं. इथे समोरचा तुमच्या वतीनं, तुमच्या भल्यासाठी, तुमच्या पाठीमागे निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो आणि वर तुम्ही त्याचे आभार मानायचे असतात. असे दहा-पंधरा निर्णय झाले की वर्षअखेरीला अ‍ॅप्रेझलच्या फॉर्मवर 'मोठी जबाबदारी घेतली का?' या रकान्यात लिहायला काही नसतं. मग तोच सज्जन माणूस म्हणतो, "यंदा तुझं अ‍ॅव्हरेज राहिलं, समजू शकतो." २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवलं की सारखं शिक्षण, सारखा पेशा असलेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक दिसतो, त्यातला बराचसा पहिलं मूल झाल्यावर पडतो. जी कामं ऐनवेळी हाक मारली की हजर राहणाऱ्याला भरभरून देतात, त्या कामांत तो जास्त. नोबेल बाईंना कोइमतूर ठाऊक असण्याचं कारण नाही. पण मी ते वाचलं तेव्हा मला ऑडिटच आठवलं.

मी सरांना दुसऱ्या दिवशी भेटले. त्याच दिवशी गेले असते तर रडले असते, आणि ऑफिसात रडण्यात लाज काही नाही पण मुद्दा त्यात वाहून जातो. म्हटलं, "सर, मी जाणार की नाही हे मला माहीत नाही. घरी बघावं लागेल. पण मला विचारा, मग मी नाही म्हणेन. न विचारता नाही ठरवू नका." ते थोडे गोंधळले. म्हणाले, "नाहीच म्हणणार असशील तर विचारायचं कशाला?" मी म्हटलं, "नाही माझं असेल ना, मग पुढच्या वेळी हो पण माझं असेल."

हे काही मी तयारी करून बोलले नव्हते, आणि रोल प्लेमध्ये हे जमलंही नसतं. पण सरांनी ते लक्षात ठेवलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. पुढच्या व्हिजिटला त्यांनी विचारलं, राजकोटची होती. मुलीला कांजिण्या झाल्या होत्या, मी नाही म्हटलं. त्यापुढची पुन्हा कोल्हापूर, तिथं गेले. भट्टी होती तशीच होती. फौंड्रीवाल्या काकांनी 'मुलगी की मुलगा' विचारलं आणि मग रेट वाढवून मागितला, एका दमात.

अ‍ॅप्रेझलचंही एकदा सरळ बोलावं लागलं. रजेचे महिने शून्य धरून वर्षाचं टार्गेट पूर्ण मोजायचं, असा तो हिशेब होता. मी जेवढे महिने हजर होते तेवढ्याच महिन्यांचा आकडा काढून नेला, बचतीचा, रुपयांत. रेटिंग एक पायरी वर सरकलं. तक्रारीचा सूर लावला असता तर सरकलं नसतं असं मी म्हणणार नाही, कारण ते मी करून पाहिलं नाही. पण पर्चेसमध्ये रुपयात सांगितलेलं लवकर ऐकू येतं.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, बाईनं नीट बोलावं म्हणजे सगळं होतं. असल्या सल्ल्याची मला चीड आहे. माझं बोलणं ऐकलं गेलं कारण मी पर्मनंट आहे, माझ्याजागी नवा माणूस शिकवायला वर्ष लागतं, आणि सर सज्जन आहेत. आमच्याच शेडमध्ये असेंब्ली लाइनवर मुली आहेत, आयटीआय झालेल्या, कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, मोशी-चाकणच्या खोल्यांत चौघी-पाचजणी मिळून राहणाऱ्या. त्यातली एखादी लग्न करते, मग काही महिन्यांनी दिसत नाही. बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की लाभ लागू होतो. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यावाच लागेल असं सुप्रीम कोर्टानं २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. रजेवर असलेल्या बाईला काढता येत नाही, हेही आहेच. पण तिला कुणी काढतच नाही. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. संपलेलं पुढे चालू होत नाही. तिनं कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचं, खांदे ताठ ठेवून? सुपरवायझर म्हणणार कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टर म्हणणार कंपनीनं हेडकाउंट कमी केलं. एकीला मी लेखी अर्ज द्यायला सांगितलं आणि पोच घ्यायला सांगितली. अर्ज तिनं दिला. पोच मिळाली नाही. बोलण्याला वजन यायचं तर पायाखाली काहीतरी लागतं, ते आधी द्या आणि मग ट्रेनिंगचा समोसा द्या.

घरी मला बोलणं शिकवलं ते सासूबाईंनी, आणि त्यांनी कुठलंही ट्रेनिंग केलेलं नाही. त्या सांगलीहून येऊन राहतील हे आम्ही, म्हणजे मी आणि नवऱ्यानं, धरूनच चाललो होतो. नात आहे, आजी येणारच. बारशाला आल्या तेव्हा पंगत उठल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत राहीन. त्यानंतर मला माझं घर आहे, तुझे सासरे आहेत. गुरुवारी माझं भजन असतं, इथं मंडळ शोधून द्या, तेवढे दोन तास पोर तुमच्यापैकी कुणीतरी बघायचं. दुपारी मी तासभर झोपते. आणि पोरीला काय खायला घालायचं यावर रोज फोन करून मला सूचना द्यायच्या नाहीत." नवरा हसायला लागला. त्या हसल्या नाहीत. "हसू नको. आत्ता सांगते म्हणजे मागनं तोंड वाकडं व्हायला नको."

माझ्या त्या खोलीच्या मेलमध्ये जे-जे होतं ते सगळं यात आहे. कधीपर्यंत, किती वेळ, माझ्या गैरहजेरीत कोण. गुरुवारचं भजन भोसरीतच सापडलं. ते दोन तास नवऱ्यानं घेतले, त्यासाठी गुरुवारी तो ऑफिसातून साडेचारला निघायला लागला. त्याला तिथं विचारलं गेलं, "काय रे, बायको माहेरी गेली का?" मला कामावर रुजू झाल्यापासून शिपायापासून जीएमपर्यंत प्रत्येकानं विचारलं होतं, 'बाळ कुणाकडे असतं?' त्याला एकानंही विचारलं नाही. बाळ त्याचंही आहे, पण त्याचं कुणाकडे असायचं कारण नाही असं सगळ्यांनी धरलेलं.

दसऱ्यानंतर मावशी आल्या. मुलीला सांभाळायला, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी. वयानं माझ्याहून लहान, पण मुलगी बोलायला लागल्यावर मावशी म्हणेल म्हणून आम्हीही मावशीच. त्यांना स्वतःला साडेतीन वर्षांचा मुलगा. तो सकाळी अंगणवाडीत, मग त्यांच्या आईकडे. म्हणजे माझं मूल त्या सांभाळत होत्या म्हणून त्यांचं मूल दुसरं कुणी सांभाळत होतं, आणि या साखळीत २६ आठवडे फक्त माझ्या वाट्याचे. त्यांच्या बाळंतपणात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळाले होते, हप्त्या-हप्त्यानं, अंगणवाडीताईंनी कागद पुढे केले म्हणून. पहिल्या वेळचे. बाकी तीन महिने घरात बसल्या तेवढी दोन कामं सुटली.

महिना भरल्यावर मावशी म्हणाल्या, "ताई, एक बोलायचं होतं." मी बसले. "महिन्याला दोन सुट्ट्या पगारी पायजेत. पोराला ताप आला तर ती वेगळी, ती कापू नका. मी आदल्या रात्री फोन करत जाईन, सकाळी ऐनवेळी नाही करणार." मी बाहेर नोकरीला जाते तिथं जे सरांना सांगते, तेच टेबलाच्या या बाजूला बसून ऐकताना वेगळं वाटतं, हे खरं. पहिला विचार माझ्या मनात आला तो बसचा होता, त्यांच्या मुलाचा नव्हे. सरांच्या मनात पहिला विचार मंथ एंडचा येत असणार. आमचं ठरलं, कॅलेंडरवर लिहिलं. पुढे एकदा रात्री दहाला फोन आला, पोराला ताप. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सुट्टी टाकली, कारण आधीची मी टाकली होती. आमच्याकडे हे असं आळीपाळीनं चालतं, आणि आळीपाळी कुणाची यावर भांडण होतंच होतं. भांडण न होणारी घरं असतील, मी पाहिली नाहीत.

हल्ली माझ्याकडे मेल तपासून घ्यायला मुली येतात. प्लॅनिंगमधली एक मुलगी तीन वेळा 'सॉरी' आणि दोन वेळा 'इफ पॉसिबल' घालून आणते, मी खोडते, ती पुन्हा एक घालते. त्यांच्याबद्दल एवढंच. पण गेल्या महिन्यात क्वालिटीमधला एक जण आला, आणि तो प्रकार मला नवा होता.

आमच्या शॉप फ्लोअरवर पुरुष मुलाचं कारण सांगत नाहीत. 'गावी काम आहे', 'बँकेत जायचंय', 'गाडी बंद पडली'. पोरीला लस द्यायला न्यायचं आहे असं सांगितलं तर लाइनवर दिवसभर टर उडते. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा तरी आहे. खासगीत तसा कायदाच नाही, कंपनीच्या मर्जीवर. या मुलाला आपल्या बाळाच्या वेळी चार दिवस मिळाले होते, तेही स्वतःच्या सुट्टीतले. आता त्याची बायको एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तिची ड्यूटी दुपारी सुरू होते. त्याला सहा महिने फक्त फर्स्ट शिफ्ट हवी होती. मेलमध्ये लिहिलं होतं, 'ड्यू टू सम पर्सनल रीझन्स'.

मी म्हटलं, हे काढ आणि जे आहे ते लिही. त्यानं बराच वेळ मोबाइल हातात धरून ठेवला. मग लिहिलं, 'मुलगी आठ महिन्यांची आहे. दुपारी साडेचारनंतर ती माझ्याकडे असते. सहा महिने फर्स्ट शिफ्ट मिळावी. सेकंड शिफ्टचं इन्स्पेक्शन घ्यायला अमुक तयार आहे, त्याच्याशी बोललो आहे.' पाठवताना म्हणाला, "मॅडम, लोक हसतील." मी म्हटलं, हसतील दोन दिवस.

एचआरकडून उत्तर आलं. 'घरी बघायला दुसरं कोणी नाही का?' हा प्रश्न मला कधी आला नव्हता, कारण दुसरं कुणी म्हणजे मीच, असं धरलेलं असतं. तो परत आला, आता काय लिहू म्हणून. आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, 'आहे. तिची त्या वेळी ड्यूटी असते.' मेल गेली आहे, शिफ्टचं वेळापत्रक अजून बदललेलं नाही. सोमवारी तो एचआरला जाऊन भेटणार आहे, आणि यावेळी तारीख मागून घेणार आहे.